पासवर्ड मॅनेजर आहे, किल्लीपण आहे, तरी नेट बँकिंग दर तीन महिन्यांनी लॉक का होतं?

"अगं, परत लॉक झालं बघ."

दर तीन महिन्यांनी मामांच्या फोनची सुरुवात अशीच व्हायची. ते साताऱ्याला असतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेत. महिन्यातून दोनदा लॅपटॉप उघडतात, एकदा पेन्शन आली का ते बघायला आणि एकदा वीजबिल भरायला. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड जपणारी आणि आपोआप भरणारी कुलूपबंद तिजोरी, मीच बसवून दिलेला, त्यामुळे शिव्याही मलाच. "तुझ्या त्या तिजोरीपेक्षा माझी लाल डायरी बरी होती," हे दुसरं ठरलेलं वाक्य.

दोनदा मी फोनवरूनच पासवर्ड रिसेट करून दिला. तिसऱ्या खेपेला शनिवारी पहिली एसटी पकडून गेले, त्यांच्या शेजारी बसले आणि हात न लावता ते काय करतात ते नुसतं बघितलं. मामांचा विसराळूपणा कुठेच नव्हता. मॅनेजरही बिघडला नव्हता. बँक दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावते, आणि दर वेळी बँकेच्या पानाने स्वीकारलेला पासवर्ड एक असायचा आणि तिजोरीत जपलेला दुसराच. हा फरक पडायचे निदान चार मार्ग आहेत, आणि मामा चारही मार्गांनी जाऊन आले होते.

खातं आत्ताच लॉक असेल तर

आणखी प्रयत्न करू नका. बहुतेक बँका तीन किंवा पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर दार लावतात. कुठे ते दुसऱ्या दिवशी आपोआप उघडतं, कुठे रिसेटच करावा लागतो. बँकेचा मदत क्रमांक सर्च करून शोधू नका, खोटे नंबर तिथेच पेरलेले असतात. डेबिट कार्डाच्या मागे छापलेला नंबर वापरा.

रिसेट करण्याआधी मॅनेजरमधली नोंद उघडून जुने पासवर्ड बघा. बिटवॉर्डन आणि कीपासएक्ससी हे असे दोन मॅनेजर. बिटवॉर्डन प्रत्येक नोंदीचे मागचे पाच पासवर्ड ठेवतं, कीपासएक्ससीत नोंदीच्या जुन्या आवृत्त्या राहतात. खरा पासवर्ड बऱ्याचदा तिथेच सापडतो. म्हणूनच गोंधळ झाला की नोंद डिलीट करून नवी करायची सवय वाईट. मामांनी ती दोनदा केली होती.

चोवीस अक्षरं आणि सोळाचा रकाना

सगळ्यात मोठा घोळ हाच, आणि मला तो ओळखायला सर्वांत जास्त वेळ लागला. खूण अशी: मॅनेजरने आपोआप भरलेला पासवर्ड चुकतो, पण तोच पासवर्ड डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारून, बघून बघून हाताने टाइप केला तर चालतो. मामा म्हणायचे, "मशीनचा हात कापतोय बहुतेक."

झालं होतं ते असं. मॅनेजरने २४ अक्षरांचा पासवर्ड बनवला. बँकेच्या पासवर्ड बदलायच्या पानावरचा रकाना १६ अक्षरांपुरताच होता. पेस्ट केल्यावर ब्राउझरने पहिली १६ घेतली आणि उरलेली ८ गुपचूप सोडून दिली. ना सूचना, ना लाल अक्षरं. खालच्या 'पुन्हा टाका' रकान्यातही तेच झालं, त्यामुळे दोन्ही जुळले आणि 'पासवर्ड यशस्वीरीत्या बदलला' असा हिरवा संदेश आला. तिजोरीत मात्र २४.

पुढच्या वेळी आत जाताना मॅनेजर रकान्यात टाइप करत नाही, मजकूर थेट आत ठेवतो. रकान्याची मर्यादा टाइप आणि पेस्ट करणाऱ्याला अडवते, अशा थेट ठेवण्याला अडवत नाही. म्हणून २४ च्या २४ अक्षरं बँकेकडे जातात आणि चूक ठरतात. हाताने टाइप केलं की रकाना सोळावर थांबतो आणि दार उघडतं. यात जादू काही नाही, पण तीन प्रयत्नांत हे कुणाच्या लक्षात येणार?

उपाय सोपा आहे. बँकेच्या पासवर्ड नियमांचं पान एकदा नीट वाचा. जास्तीत जास्त किती अक्षरं आणि कोणती विशेष चिन्हं चालतात ते बघा आणि मॅनेजरच्या जनरेटरमध्ये त्या बँकेपुरतं तेवढंच ठेवा. १६ अक्षरं कमी पडतील ही भीती नको. जिथे पाच चुकांनंतर दार बंद होतं, तिथे मॅनेजरने बनवलेली सोळा सरमिसळ अक्षरं कुणी अंदाजाने ओळखत नाही.

क्रमही बदला. आधी नवा पासवर्ड मॅनेजरमध्ये सेव्ह करा, मग तिथून उचलून बँकेत टाका, लगेच लॉगआउट करा आणि मॅनेजरकडूनच पुन्हा आत जाऊन बघा. हे शेवटचं पाऊल मामांना फार पटलं. गणिताचे मास्तर, ताळा करून बघायची सवय जुनी.

'अपडेट करू का?' याला होय म्हणणं

मामांचं तत्त्व असं, की कुणी नम्रपणे विचारलं तर नाही म्हणू नये. त्यामुळे ब्राउझरने 'पासवर्ड अपडेट करू का?' विचारलं की होय.

काही बँकांची पानं लॉगिनचं बटण दाबल्यावर त्याच रकान्यातला पासवर्ड एका लांबलचक सांकेतिक मजकुरात बदलतात आणि मग पाठवतात. ब्राउझरला तोच मजकूर नवा पासवर्ड वाटतो आणि तो ते कचरापुराण जपून ठेवतो. नोंदीत ० ते ९ आणि ए ते एफ एवढ्यांचीच ६४ अक्षरं दिसली तर ओळखा की तो तुमचा पासवर्ड नाही. अशा वेळी मागच्या पासवर्डांची यादी कामी येते.

त्यात मामांच्या लॅपटॉपवर पासवर्ड जपणारे दोघं होते, क्रोम स्वतः आणि वरून बिटवॉर्डन. एकाकडे मार्चचा, दुसऱ्याकडे जूनचा. कोण आधी भरेल त्याचा नंबर. क्रोमची पासवर्ड जपायची आणि आपोआप भरायची सोय बंद केली, त्यातले जुने बँक पासवर्ड काढून टाकले. बिटवॉर्डनमध्ये बँकेचा पत्ता वगळलेल्या साइटच्या यादीत टाकला, म्हणजे तिथे ते सेव्ह करायचं विचारतच नाही. बँकेची नोंद यापुढे हातानेच बदलायची.

बँकेचा पत्ता बदलला

मागच्या खेपेला वेगळंच. पान उघडलं, मॅनेजर गप्प. नोंद आहे, पण सुचवत नाही.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये सगळ्या बँकांना आपली संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर न्यायला सांगितलं. मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ होती. हा पत्ता फक्त बँकांनाच मिळतो आणि नोंदणी हैदराबादच्या आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेल्या संस्थेकडेच होते, त्यामुळे कुणीही उठून तो विकत घेऊ शकत नाही. निर्णय चांगलाच आहे. पण तुमच्या मॅनेजरला फक्त जुना पत्ता माहीत. नवं पान त्याच्यासाठी अनोळखी, म्हणून तो तोंड उघडत नाही.

इथे थांबा. तो गप्प बसतो हीच त्याची खरी कामगिरी आहे. डोळ्याला फसवणारं खोटं पान त्याला फसवू शकत नाही, कारण तो रंग आणि बोधचिन्ह बघत नाही, पत्ता बघतो. मामांनी मात्र 'बिघडला असेल' म्हणून पासवर्ड कॉपी करून स्वतःच टाकला. यावेळी पान खरं होतं म्हणून निभावलं. मॅनेजर गप्प असताना हाताने पासवर्ड टाकायची सवय लागली, तर मॅनेजर असून नसल्यासारखा.

मेसेजमधल्या लिंकवरून न जाता पत्ता स्वतः टाइप करून बँकेच्या मुख्य पानावर जा आणि तिथून लॉगिनकडे वळा. पहिल्या तिरक्या रेघेच्या अगदी आधी 'डॉट बँक डॉट इन' आहे ना, ते बघा. पत्त्यात मध्येच कुठेतरी 'बँक' आणि 'इन' दिसणं आणि शेवटी दुसरंच काही असणं, ही ठगांची जुनी हातचलाखी. खात्री पटली की त्याच नोंदीत नवा पत्ता जोडा.

एक उपप्रश्न येऊ शकतो: एका बँकेच्या पानावर दुसऱ्या बँकेचा आयडी सुचवला जातो. सगळ्यांच्या पत्त्याचं शेपूट सारखं असल्यामुळे मॅनेजरने सगळ्यांना एकाच घरचे समजलेलं असतं. बिटवॉर्डनमध्ये त्या पत्त्याची जुळणी 'होस्ट' वर ठेवा, म्हणजे नुसतं शेपूट जुळून चालणार नाही.

दोन पासवर्ड, एक खोका

आपल्याकडे बऱ्याच बँकांत आत जायचा पासवर्ड वेगळा आणि पैसे पाठवायचा किंवा प्रोफाइल बदलायचा वेगळा. मॅनेजरच्या नोंदीत पासवर्डचा रकाना एकच. मामांनी व्यवहाराचा पासवर्ड बदलला, 'अपडेट करू का?' आलं, होय म्हटलं, लॉगिनचा पासवर्ड पुसला गेला.

त्याच नोंदीत जास्तीचा लपवलेला रकाना जोडता येतो. मला ते आवडत नाही, घाईत चुकीचा उचलला जातो. मी व्यवहाराच्या पासवर्डची वेगळी नोंद करते आणि तिला पत्ताच देत नाही. पत्ता नाही म्हणजे ती कुठे आपोआप भरली जात नाही. कस्टमर आयडी (काही बँकांत यालाच सीआयएफ क्रमांक म्हणतात) आणि युजर आयडी हे वेगळे असू शकतात, तेही नावानिशी लिहून ठेवा.

पेस्ट करूच देत नाही

ही तक्रार मला सगळ्यात जास्त लोकांकडून ऐकू येते. बँकेचं पान पेस्ट अडवतं, माउसचं उजवं बटण अडवतं, वर पडद्यावरचा कीबोर्ड पुढे करतं. कीबोर्डवरची अक्षरं चोरणाऱ्या व्हायरसच्या काळातला हा इलाज. आज त्याचा परिणाम एवढाच, की लोक टाइप करायला सोपा, म्हणजे गावाचं नाव आणि जन्मसाल, असा पासवर्ड ठेवतात. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने २०१७ मध्येच 'लोकांना पेस्ट करू द्या' असं स्पष्ट लिहिलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या 'निस्ट' या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत पेस्टला मोकळीक द्यायला सांगितलं आणि पासवर्ड फुटल्याची शंका नसताना ठराविक मुदतीने तो बदलायला लावू नये असंही म्हटलं. मामांच्या बँकेपर्यंत ते अजून पोचायचंय.

तोवर कीपासएक्ससीचं ऑटो-टाइप वापरा. ते पेस्ट करत नाही, माणसासारखं एकेक अक्षर टाइप करतं, त्यामुळे पानाला काही कळत नाही आणि सोळाची मर्यादाही पाळली जाते. आयडी एका पानावर आणि पासवर्ड दुसऱ्या पानावर असेल तर त्या नोंदीपुरता ऑटो-टाइपचा क्रम बदलून फक्त पासवर्ड ठेवा. फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंगमध्ये क्लिपबोर्ड इव्हेंटचा पर्याय बंद करूनही पेस्ट मोकळं होतं, पण काम झाल्यावर तो परत चालू करा, नाहीतर बाकीच्या साइटवर कॉपी-पेस्ट बिघडतं. 'पेस्ट चालू करून देतो' म्हणणारं कुणातरी अनोळखी माणसाचं एक्स्टेन्शन मात्र बसवू नका. ते सगळी पानं वाचायची परवानगी मागतं, आणि त्या पानांत तुमची बँकही आली.

कॉपी केलेला पासवर्ड विंडोजच्या क्लिपबोर्ड इतिहासात आणि फोनच्या कीबोर्डमध्ये रेंगाळतो. इतिहास बंद करा, मॅनेजरमध्ये क्लिपबोर्ड ३० सेकंदांत पुसायची सूचना द्या.

किल्ली बँकेत चालत नाही, मग ती कशाला?

माझ्या आतेभावाने मामांना दोन हार्डवेअर किल्ल्या आणून दिल्या, लॉगिन करताना पासवर्डनंतर ओळख पटवणाऱ्या, यूएसबीत घालायच्या, पेन ड्राइव्हपेक्षा लहान. मामांनी एक उत्साहाने लॅपटॉपला लावली, बँकेचं पान उघडलं आणि वाट बघत बसले.

आपल्याकडच्या सामान्य खातेदाराच्या नेट बँकिंगला अशी किल्ली साधारणपणे लावताच येत नाही. तिथे मोबाइलवरचा ओटीपी किंवा बँकेचं अ‍ॅप. १ एप्रिल २०२६ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांत एसएमएस ओटीपीखेरीज इतर मार्गांनाही वाव आहे, पण बँका त्याचं काय करतात ते पुढे दिसेल.

किल्लीची खरी जागा दोन ठिकाणी. एक, मॅनेजरचं खातं. दोन, बँकेचे मेल जिथे येतात ते ईमेल खातं. किल्ली साइटच्या खऱ्या पत्त्याशी बांधलेली असते, त्यामुळे खोट्या पानावर तुम्ही ती कितीदा स्पर्शलीत तरी ठगाच्या हाती काही लागत नाही. बिटवॉर्डनच्या मोफत खात्यालाही ती लावता येते.

इथल्या नेहमीच्या अडचणी अशा. एकच किल्ली नोंदवलेली असते आणि ती हरवते. अशा किल्लीची नक्कल होत नाही, म्हणून दुसरी पहिल्याच दिवशी, दोन्ही खात्यांवर वेगळी नोंदवायची. कीपासएक्ससीत युबिकी (अशा किल्लीचा एक ब्रँड) वापरण्याची पद्धत निराळी: तिथे दोन्ही किल्ल्यांत तेच गुपित आधीच भरावं लागतं, नंतर पहिलीतून काढता येत नाही. किल्लीचा पिन युबिकीवर लागोपाठ आठ वेळा चुकला की तो भाग बंद पडतो आणि रिसेट केल्यावर आतल्या नोंदी जातात. फोनच्या मागे लावून चालत नसेल तर आधी जाड कव्हर काढून बघा, आणि फोनमध्ये एनएफसी, म्हणजे जवळ धरून जोडायची सोय, चालू आहे का तेही.

शिवाय ईमेल खात्यावर 'पासवर्ड विसरलात? एसएमएस पाठवतो' हा मार्ग उघडाच राहिलेला असतो. पुढच्या दाराला कुलूप, मागच्या दाराची कडी काढलेली. रिकव्हरी कोड, म्हणजे किल्ली हरवली तर आत घेणारे आकडे-अक्षरं, कागदावर लिहा आणि एसएमएसचा मार्ग काढता येत असेल तर काढा.

किल्ली आहे म्हणून मुख्य पासवर्ड ढिला ठेवू नका. २०२२ मध्ये लास्टपासच्या बॅकअपमधून ग्राहकांच्या कुलूपबंद तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. आत कोणत्या साइटच्या नोंदी आहेत ते पत्ते तर उघडेच होते. चोराच्या घरी पोचलेल्या तिजोरीपुढे लॉगिनची दुसरी पायरी येत नाही, तिथे मुख्य पासवर्ड एकटाच उभा असतो.

मामांचा मुख्य पासवर्ड मराठीच आहे, एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द. अभंगाची ओळ नको म्हटलं, ती सगळ्यांना पाठ असते. देवनागरीतही नको, कारण 'ॲ' आणि 'र्‍या' वेगवेगळ्या कीबोर्डवर वेगवेगळ्या संकेतांनी उमटतात, आणि डोळ्याला सारखं दिसलं तरी कुलपाला चालत नाही. रोमन लिपीत घेतला तर लगेच नवा घोळ: 'विहीर' ला व्ही की डब्ल्यू, दीर्घ ईला एक अक्षर की दोन? मामा सोमवारी एक लिहायचे, गुरुवारी दुसरं. शेवटी असे शब्द निवडले ज्यांचं रोमन स्पेलिंग एकच होतं, आणि कागदावर ठळक अक्षरांत लिहिले.

तिजोरीत काय नको

खातं क्रमांक, आयएफएससी, नॉमिनीचं नाव, मुदत ठेवींच्या तारखा, कार्ड ब्लॉक करायचा नंबर, हे सगळं खुशाल ठेवा. एटीएम आणि यूपीआयचा पिन मी ठेवत नाही, तो डोक्यातच. मामांच्या फोनमध्ये 'ए टी मारुती काका' नावाचा एक संपर्क होता, नंबराचे शेवटचे चार आकडे म्हणजे पिन. ही युक्ती आपली एकट्याची आहे असं प्रत्येकाला वाटतं.

हे नुसतं हुशारीचं प्रकरण नाही. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं होतं, की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, म्हणजे गुप्त माहिती त्याने दुसऱ्याला दिल्यामुळे, पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून काही वावगं दिसलं की आधी बँक, मग १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

दुपारी तीनपर्यंत सगळं आटोपलं. पासवर्ड बदलला, ताळा केला, क्रोमने काही विचारलं नाही. एक किल्ली मामांच्या घराच्या जुडग्यात. दुसरी किल्ली, रिकव्हरी कोड आणि पाच शब्दांचा कागद पाकिटात घालून सोमवारी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायचं ठरलं.

"आणि लॉकरची किल्ली?" मी विचारलं.

"ती तांदळाच्या डब्यात," मामी आतून म्हणाल्या. "तीस वर्षं तिथेच आहे. एकदाही लॉक झाली नाही."